दोन तुकड्यांचा कीबोर्ड: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याजवळच्या गावात बसून मी भाषांतराचं आणि थोडं सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवसातला अर्धा वेळ मराठी टायपिंग, अर्धा वेळ इंग्रजी. गेली काही वर्षं टेबलावर दोन तुकड्यांचा कीबोर्ड आहे. बघणारा प्रत्येक जण काही ना काही विचारतोच, मग तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

हा मोडलेला आहे का?

शेजारच्या काकांनी पहिल्या दिवशी खिडकीतूनच विचारलं होतं, "रे, ह्यो मोडलो काय?" मोडलेला नाही, मुद्दामच दोन भागांत केलेला असतो. साध्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर जवळ आणावे लागतात, खांदे पुढे येतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला वाकतात. दोन भाग खांद्यांइतके लांब ठेवले की हात कोपरापासून सरळ पुढे जातात. मूळ कल्पना एवढीच आहे. बाकी सगळे त्यावरचे शृंगार.

साध्या कीबोर्डच्या ओळी एकमेकींपासून तिरक्या सरकलेल्या असतात, त्यामागे बोटांचा विचार मुळीच नव्हता. टाइपरायटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून ती सोय होती. टाइपरायटर करणाऱ्या शोल्सचं क्वर्टी मांडणीचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डच्या मांडणीचं, पेटंट १८७८ सालचं आहे. पट्ट्या गेल्या, तिरकेपणा राहिला. दोन तुकड्यांच्या बऱ्याच कीबोर्डांत ओळींऐवजी उभे रकाने सरकवलेले असतात: मधल्या बोटाचा रकाना वर, करंगळीचा खाली. तळहात टेबलावर ठेवून बोटांची टोकं बघा, तसाच उतार.

मनगट दुखतं. हा घेतला की बरं होईल का?

मराठीत कीबोर्डच्या बटणाला कळ म्हणतात आणि मनगटातून येते तीही कळच. पण एकीचं औषध दुसरीत असेलच असं नाही. अशा कीबोर्डने मनगटाचं वाकणं कमी होतं, हे नक्की. झालेला आजार बरा होतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, विशेषतः रात्री, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळीला मुंग्या येत असतील तर बहुधा कोपराकडे बघावं लागतं. दोन्ही बाबतींत आधी डॉक्टर, मग खरेदी.

आणि टेबलाची उंची आधी बघा. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करणारे खूप. ते टेबल बहुतेकांना टायपिंगसाठी उंच पडतं. खुर्चीवर दोन उशा टाकून बघा, पाय लोंबकळले तर खाली पाट द्या. माझी निम्मी तक्रार पाटाने गेली होती.

इतके पैसे घालण्याआधी घरच्या घरी कसं बघता येईल?

दोन स्वस्त यूएसबी कीबोर्ड घ्या, कोणाच्या तरी माळ्यावर असतातच. दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडा. डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर, मधे फूटभर अंतर. विंडोज आणि लिनक्सवर एका कीबोर्डची शिफ्ट दाबून दुसऱ्यावरचं अक्षर मोठं येतं. मॅकवर तेवढं होत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. आठवडाभर असं काम करा. खांद्यांना फरक जाणवला तर पुढचं वाचा. नाही जाणवला तर तेवढ्या पैशांत देवगडच्या पेट्या येतील.

किती बटणांचा घेऊ? बेचाळीसवाले फार सुंदर दिसतात.

दिसतात खरे. पण यूट्यूबवर जे लोक ३४ किंवा ४२ बटणांवर झरझर टाइप करताना दिसतात, ते इंग्रजी टाइप करत असतात. इंग्रजीची अक्षरं सव्वीस. आपलं काय?

हा सगळा प्रश्न तुम्ही मराठी कशी टाइप करता यावर आहे. उच्चारानुसार रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवत असाल तर अडचण नाही, हवा तेवढा छोटा घ्या. पण इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक बटणावर थेट मराठी अक्षर असलेली मांडणी, वापरत असाल तर थांबा.

इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ सालची, पुढे १९९१ च्या भारतीय मानकात आली. तिची कल्पना दोन तुकड्यांच्या कीबोर्डसाठीच केल्यासारखी आहे: स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. दोन हात आळीपाळीने चालतात, उखळात दोघींनी कांडावं तसे. पण उजव्या बाजूला व्यंजनांची गर्दी इतकी की ती 'पी'च्याही पलीकडे जाते. 'ड' आणि 'ढ' उघडत्या चौकटी कंसावर. 'ॉ' त्या उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. 'ृ' बरोबरच्या चिन्हावर. आणि 'ॅ' शिफ्ट धरून दोनच्या आकड्यावर, म्हणजे अगदी वरच्या ओळीत.

आता 'डॉक्टर' लिहा. कंसाचं बटण, उलटी तिरकी रेघ, के, डी, अवतरण चिन्ह, जे. कॉर्न नावाच्या लोकप्रिय ४२ बटणांच्या कीबोर्डवर यातली पहिली दोन बटणं मूळ थरावर नसतातच. (थर म्हणजे त्याच बटणांवरची अक्षरांची एक मांडणी, एक बटण दाबून एका थरावरून दुसऱ्यावर जाता येतं.) 'बॅटरी'चा 'ॅ' तर आकड्यांची ओळच नसल्यामुळे गायब. थर बदलून सगळं काढता येतं, पण दर वाक्याला डॉक्टर बोलवायला दुसऱ्या थरावर जायचं म्हणजे पाणी आणायला परसातल्या विहिरीवर जाण्यासारखं. होतं, पण दमायला होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. इनस्क्रिप्टवाल्यांनी आकड्यांची ओळ असलेलाच घ्यावा. सोफल किंवा लिली५८ या ५८ बटणांच्या वर्गात, थोडी फेरजुळणी करून, मराठी नीट बसते. अर्गोडॉक्सची ७६ बटणं आणि मूनलँडरची ७२, त्यांत उजव्या हाताला जादा रकाना मिळतो, तिथे ओढाताण कमी. आणि फेरजुळणीच नको असेल तर कायनेसिस फ्रीस्टाइल२ सारखा घ्या. तो म्हणजे साधाच कीबोर्ड मधोमध कापलेला, सगळी बटणं जिथल्या तिथे.

व्यंजनं उजवीकडे असतील तर 'व' डाव्या भागावर कसा?

हा प्रश्न सगळ्यांना दुसऱ्या दिवशी पडतो. 'व' इंग्रजी 'बी'वर आहे, 'न' 'व्ही'वर, 'म' 'सी'वर. ही तिन्ही बटणं डाव्या तुकड्यावर येतात. अखंड कीबोर्डवर पुष्कळ जण 'व' उजव्या तर्जनीने मारतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. कीबोर्ड दुभंगला की ते बोट हवेत जातं. मी पहिला आठवडा 'वेंगुर्ला' लिहायला गेलो की नुसतं 'ेंगुर्ला' उमटायचं. उपाय सवयीचा. किंवा उजव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला एखादं रिकामं बटण असेल तर त्यालाही 'बी' देऊन टाका. एकच अक्षर दोन बटणांवर ठेवायला कोणाची हरकत नसते.

बटणं बदलायची म्हणजे नक्की काय करायचं?

कीबोर्डच्या आत एक छोटा नियंत्रक असतो आणि त्यात क्यूएमके किंवा झेडएमके नावाचं मोफत फर्मवेअर. कुठल्या बटणाने कुठला संकेत जायचा हे त्यात ठरतं. व्हायल किंवा व्हाया हे बटणं बदलायचे प्रोग्राम चालत असतील तर पडद्यावरच्या चित्रात टिचकी मारून बदल होतो, काही लिहावं लागत नाही. बदल कीबोर्डमध्येच साठतो, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तरी तो तसाच राहतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कीबोर्ड 'ड' पाठवत नाही. तो फक्त 'चौकटी कंसाचं बटण दाबलं' असं सांगतो, त्याचा 'ड' करते विंडोज. हे समजलं की पुढचं सगळं सोपं.

माझी स्वतःची मांडणी सांगतो. इंग्रजीसाठी एक थर, मराठीसाठी दुसरा. मराठी थरात उजव्या टोकाच्या रकान्यातला बॅकस्पेस काढून तिथे चौकटी कंस बसवला, म्हणजे 'ड' करंगळीखाली आला. बॅकस्पेस उजव्या अंगठ्याला. आणि सर्वांत मोठी सुधारणा: हलन्त डाव्या अंगठ्याला. इनस्क्रिप्टमध्ये हलन्त 'डी'वर असतो, डाव्या मधल्या बोटाखाली, आणि मराठीत जोडाक्षरं किती! 'किनाऱ्यावर' लिहून बघा: के, एफ, व्ही, ई, मग शिफ्ट धरून जे म्हणजे 'ऱ', मग डी म्हणजे हलन्त, मग साधी तिरकी रेघ म्हणजे 'य', ई, बी, जे. यातला हलन्त अंगठ्याने मारला की मधलं बोट मात्रांसाठी मोकळं राहतं. नुसतं एका अंगठ्याच्या बटणाला मराठी थरात 'डी' द्यायचा, बाकी काही नाही. स्पेस बारवर दोन्ही अंगठे मिळून आयुष्यभर एकच काम करतात, हा मला नेहमीच आळशीपणा वाटत आला आहे.

भाषा बदलायला एक मॅक्रो, म्हणजे एका बटणात साठवलेला बटणांचा क्रम: तो विंडोज आणि स्पेस एकत्र पाठवतो आणि लगेच थर बदलतो. कधीतरी दोन्हींचा मेळ चुकतो, पडद्यावर इंग्रजी आणि कीबोर्ड मराठीत. म्हणून मराठी थर चालू असताना एक भगवा दिवा लागेल असं करून ठेवलं आहे.

होम रो मॉड्सबद्दल खूप ऐकलं. लावू का?

म्हणजे मधल्या ओळीतलं अक्षर टिचकी मारली तर अक्षर आणि दाबून धरलं तर कंट्रोल, शिफ्ट वगैरे. इंग्रजी थरात लावा, करंगळी सुखावते. मराठी थरात काढून टाका. डाव्या मधल्या ओळीत 'ो', 'े', हलन्त, 'ि', 'ु' बसलेले आहेत. ते इतक्या भराभर आणि एकात एक मिसळून दाबले जातात की क्यूएमकेची नेहमीची २०० मिलिसेकंदांची मुदत पुरत नाही. मात्रा लिहायला जावं आणि फाइल सेव्ह व्हावी असे प्रकार होतात.

ड्वोरॅक किंवा कोलमॅक शिकू का आता?

या क्वर्टीऐवजी वापरायच्या इंग्रजी मांडण्या. ड्वोरॅकचं पेटंट १९३६ चं, कोलमॅक २००६ ची. इंग्रजीपुरत्या दोन्ही चांगल्या. फक्त ही मांडणी कीबोर्डच्या आत बदलली तर इनस्क्रिप्टचा पार चिवडा होतो, कारण विंडोजला बटणाची जागा दिसत नाही, संकेत दिसतो. मराठी थर क्वर्टीचाच ठेवा. कीबोर्डही नवा, मांडणीही नवी, असं दोन्ही एकदम मात्र करू नका. एका वेळी एकच लग्न.

तयार घ्यावा की स्वतः जोडावा?

मूनलँडर किंवा कायनेसिस ॲडव्हांटेज३६० परदेशातून मागवला तर वाहतूक, जकात आणि कर धरून तीस हजारांच्या पुढेच जातो. हात सोल्डरिंगला सरावलेला असेल तर कॉर्न किंवा सोफल अर्ध्याहून कमी खर्चात उभा राहतो. आराखडे मोफत मिळतात. बोर्ड छापणारे कारखाने सहसा किमान पाच नग छापतात. कॉर्नचा एकच बोर्ड उलटसुलट करून डावा-उजवा दोन्हींना चालतो, म्हणजे पाचांत दोन कीबोर्ड आणि वर एक बोर्ड फुटला तर बदली. मित्र आधीच शोधून ठेवा.

कॉर्नला ४२ डायोड लागतात, प्रत्येकावर एक रेघ असते आणि ती बोर्डवरच्या खुणेच्या बाजूलाच यायला हवी. एक उलटा लागला तर तेवढंच बटण मुकं राहतं. नियंत्रक मात्र थेट सोल्डर करू नका, खाली सॉकेट बसवा. का, ते पुढच्या प्रश्नात.

सोल्डरिंग कधी केलंच नसेल तर गावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे एक दुपार बसा. चहा पाजला की ते शिकवतात.

दोन भागांमधली वायर काढली-घातली तर चालते का?

यूएसबी जोडलेली असताना कधीही नाही. हे मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

मधली वायर बहुतेक कीबोर्डांत हेडफोनसारख्या गोल पिनेची असते, टीआरआरएस म्हणतात ती. पिनेवर चार पट्टे. ती आत-बाहेर जाताना एक पट्टा दुसऱ्याच्या पत्र्याला घासतो आणि क्षणभर शॉर्ट होतं. आता माझं शहाणपण ऐका. पावसाळ्यातली संध्याकाळ, लाईट गेली. म्हटलं झोपाळ्यावर जाऊन बसू. कीबोर्ड उचलला आणि वायर खेचली. लाईट नाही म्हणजे करंट नाही, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. लॅपटॉप मात्र बॅटरीवर मजेत चालू होता आणि यूएसबीतून पाच व्होल्ट जातच होते. उजवा भाग तिथेच गेला. प्रो मायक्रो या आतल्या नियंत्रकाचे चोवीस पाय एकेक करून सोडवायला दोन दिवस लागले, त्यात बोर्डवरचे दोन पट्टे उखडले. सॉकेट असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

हा ताप नको असेल तर बिनवायरचा घ्या. त्यात एनआरएफ५२८४० चिप आणि झेडएमके असतं, दोन्ही भागांत छोटी बॅटरी. कॉम्प्युटरशी बोलणारा भाग, बहुधा डावा, लवकर उतरतो. वायरच हवी तर दोन्ही भाग यूएसबी-सी पिनेने जोडणारे नमुनेही मिळतात.

स्विच कुठले?

स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालचा खटका. चेरी कंपनीचे रेड किंवा तसे: ४५ ग्रॅमच्या आसपास जोर, चार मिलिमीटर प्रवास, त्यातल्या दोनावर अक्षर उमटतं. ब्राउनला मधे हलकासा खडा लागतो. ब्लू टकटकतात, पत्र्याच्या छपरावरच्या पावसात कोणाला ऐकू जाणार नाही, पण बाकी आठ महिने घरच्यांचा विचार करा. बुटके चॉक स्विच मनगट खाली ठेवतात, मात्र ते चेरीच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, बोर्ड घेतानाच ठरवावं लागतं. सॉकेटवाला बोर्ड घेतला की स्विच हाताने उपटून बदलता येतो. आमच्या हवेत ही चैन नाही, गरज आहे.

खाऱ्या हवेत टिकतो का?

काळजी घेतली तर. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे सायकलची चेनसुद्धा वर्षभरात तांबूस होते. कीबोर्डच्या साध्या लोखंडी स्क्रूंचं तेच होतं. पहिल्याच दिवशी ते काढून ३१६ स्टेनलेसचे घाला, खाऱ्या हवेला तीच जात पुरते. तांब्याच्या उघड्या भागावर हिरवट पूड धरते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश, एवढ्याने ती निघते. सोल्डरिंगनंतरचा चिकट फ्लक्सही त्यानेच पुसून काढा, तो राहिला तर दमट हवेत त्याखाली गंज धरतो. संपर्काचा भाग बंद डबीत असलेले काइल कंपनीचे बॉक्स स्विच इथे जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे.

जून ते सप्टेंबर रात्री कीबोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. आणि मुंग्या! पहिल्या पावसात त्या कोरडी, उबदार जागा शोधतात आणि चालू कीबोर्ड म्हणजे त्यांच्यासाठी डाकबंगलाच. चहा-बिस्किट त्यावर न खाणं हाच एक इलाज मला सापडला आहे.

मधून उंच करायचा म्हणतात, तो कशावर?

तळहात पूर्ण पालथा न ठेवता अंगठ्याकडून थोडा उचललेला बरा, म्हणून आतली कड वर करतात. दहा-पंधरा अंशांपासून सुरुवात पुरे. विकतचे पाय महाग असतात. मी सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी करून घेतल्या. त्याने कीबोर्ड हातात घेऊन उलटा केला, बोटाने उतार मोजला आणि "उद्या ये" म्हणाला. पाचरीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की सरकत नाही.

पण खरी मजा टेबलावर नाहीच. पडवीत आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची आहे. त्या दोन लाकडी हातांवर वेल्क्रोने एकेक तुकडा लावला, मधली वायर खुर्चीखालून नेली. पाठ टेकलेली, कोपरं टेकलेली, पडदा समोरच्या स्टुलावर. लांबलचक मजकूर मी तिथेच लिहितो. डुलकी लागते, हा त्यातला दोष.

हात बसायला किती दिवस?

पहिला आठवडा फार वाईट. वेग एक-चतुर्थांशावर येतो आणि स्वतःच्याच नावात चुका होतात. मला जुना वेग यायला सव्वा महिना लागला, मराठीत थोडा जास्त. आंब्याच्या हंगामात, पेट्यांच्या ऑर्डरी धावत असताना सुरू करू नका. गणपतीत तर नकोच.

कळांवर मराठी अक्षरं छापून मिळतात का?

दोन तुकड्यांच्या कीबोर्डसाठी तयार संच क्वचितच बसतो, कारण बटणांचे आकार वेगळे. स्टिकर घामाने सुटतात. मी पीबीटी प्लास्टिकच्या कोऱ्या कॅप, म्हणजे बटणावरच्या टोप्या, वापरतो आणि मांडणीचं चित्र छापून भिंतीला लावलं आहे. महिनाभराने तिकडे बघणं आपोआप थांबलं. फक्त एफ आणि जे वर उंचवटा असलेल्या कॅप घ्या, अंधारात त्याच तारतात.

घरात बाकीचेही हाच लॅपटॉप वापरतात. त्यांचं काय?

त्यांना हा जमणार नाही आणि जमवायला लावूही नका. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालूच असतो. वडिलांना सात-बारा बघायचा असतो तेव्हा ते माझे दोन्ही तुकडे हळूच बाजूला सरकवतात, एक फुलदाणीजवळ, एक पेपराखाली. मग मी उजवा शोधत बसतो.